चौथ्या बाजूचे सेक्रेटरी

सेक्रेटरींनी मला फसवलं. दोन रेकॉर्डच्या एका जोडीची चौथी बाजू माझ्या मालकीची होती. ती त्यांनी मला ऐकू दिली नाही. मी टँकरपुढे हंडा घेऊन उभा असताना, माझ्याच मशीनवर, माझ्या पाठीमागे, मोजकी माणसं बसवून ती वाजवली. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून काही लोक म्हणतील की माणूस मोठा गमतीचा होता. होताच. गमतीच्या माणसाने फसवलं तर ती फसवणूक धरायची नाही, असा नियम मी तरी कुठे वाचलेला नाही.

आमचं गाव चौसाळा आणि लिंबागणेश यांच्या मधलं. सेक्रेटरी आमच्या विकास सोसायटीचे सचिव. खताची पोती, कर्जाचे अर्ज आणि सभेच्या नोटिसा हे त्यांचं काम. अंगाने काटकुळे, डोक्यावर टोपी आणि हातात कायम छत्री. ती त्यांनी उघडलेली मी कधी पाहिली नाही. आमच्याकडे पावसाळ्यातही छत्री उघडायची वेळ क्वचितच येई, आणि उन्हाला ते छत्री उघडत नसत. "उन्हासाठी मंजूर न्हाई ही," म्हणत. कोणी विचारलं, "मग बाळगता कावून?" तर म्हणत, "तरतूद हाय."

त्यांचं बोलणं असंच, सभेतलं. चहा घ्यायचा का विचारलं तर विचारत, "सूचक कोण?" बसमध्ये शेजारच्याने खिडकी लावतो म्हटलं तर त्याला अनुमोदक शोधायला लावत. घरातही हेच. एकदा मी जेवणाच्या वेळेला त्यांच्या घरी गेलो होतो. ताटावर बसून ते म्हणाले, "पिठल्याचा विषय कुणी मांडला?" काकू चुलीपुढूनच म्हणाल्या, "मीच सूचक, मीच अनुमोदक. विरोध करणाऱ्यानं उपाशी उठावं." सेक्रेटरी मला म्हणाले, "शेठ, बघा, हुकूमशाही." आणि दोन वाट्या पिठलं खाल्लं.

मला ते शेठ म्हणत. त्यात थोडी टिंगल होती, पण मी ती मनावर घेत नसे. मी भोंगेवाला. लहानपणी दुसऱ्याचं रेकॉर्ड वाजवायचं मशीन डोक्यावर घेऊन लग्नालग्नांतून हिंडलो, मग स्वतःचं मशीन घेतलं, मग दुसरा भोंगा. कोणी हात दिला नाही आणि मी मागितला नाही. जे घेतलं ते घासाघीस करून घेतलं. चौसाळ्याच्या बाजारात मी समोर दिसलो की दुकानदार आधी पाणी पीत, मग भाव सांगत.

रेकॉर्डांची पेटीही मी अशीच घेतली. बहात्तरच्या दुष्काळानंतर गावोगाव बोअर मारायला गाड्या येत. अशाच एका गाडीबरोबर एक गोरा मेकॅनिक आमच्या गावात आला. केस खांद्यापर्यंत, दाढी छातीपर्यंत, अंगात कुडता. त्याने आमच्या गावात दोन बोअर मारले आणि दोन्ही कोरडे गेले. निघायच्या दिवशी त्याची पत्र्याची पेटी गाडीत मावेना. पेटीत इंग्रजी रेकॉर्ड होते. फिल्मी नाहीत, बँडचे. त्याच्या देशातले केसाळ लोक सात-आठ वर्षांपासून वाजवत होते ते, दणदण, गिटार आणि ढोल. त्याला थंडीसाठी घोंगडं हवं होतं. त्याने खुणेने दोन घोंगडी मागितली. मी एक दाखवलं. त्याने हात जोडले. मी जाग्यावरून हललो नाही. शेवटी एका घोंगड्यात पेटी आली आणि वर त्याची गॉगलची डबीही मी काढून घेतली. गाडी निघाली तेव्हा तो मागून हात हलवत हसत होता. मला वाटलं, घोंगड्याच्या आनंदात हसतोय.

पेटी आणली, पण माझ्या घरात तेव्हा वीज नव्हती. मशीन बॅटरीवर चाले, आणि लग्नासाठी भरलेली बॅटरी शौकासाठी जाळणारा मी माणूस नव्हे. वीज होती सोसायटीच्या ऑफिसात. मी सेक्रेटरींना म्हणालो, एक रेकॉर्ड लावून बघू द्या. त्यांनी लावू दिला. ते खताच्या पोत्यावर बसले होते. पहिलंच गाणं सुरू झालं, विंचू चावल्यासारखा एक माणूस किंचाळला, आणि मागून गिटार अशी वाजली, जणू विहिरीतलं पाणी संपून मोटारीने हवा ओढायला सुरुवात करावी. गाणं संपलं. सेक्रेटरी उठले, टोपी काढली, टोपीने रेकॉर्ड पुसला आणि म्हणाले, "पुन्हा ठेवा."

त्या दिवसापासून माणूस कामातून गेला.

आठ दिवसांनी ते माझ्या घरी आले. छत्री भिंतीला टेकवली. "शेठ, ही पेटी घरात ठिवली तर तुमी एकटे ऐकणार. संस्थेत ठिवली तर सगळे सभासद ऐकतील, अन् तुमी संस्थापक."

"चेअरमन कोण?" मी विचारलं.

"ते निवडणुकीनं."

"मतं कशी?"

"एका सभासदाला एक."

"पेटी माझी हाय, सेक्रेटरी. मशीन माझं, भोंगा माझा."

"पेटीला मत न्हाई, शेठ."

संस्थापक या शब्दावर मी घसरलो, हे खरं. नियोजित इंग्रजी तबकडी श्रवण सहकारी संस्था मर्यादित, असा बोर्ड सोसायटीच्या दाराशेजारी लागला. त्यातला नियोजित हा शब्द कायमचा राहिला. सेक्रेटरी नोंदणीसाठी बीडला गेले होते. तिथल्या कारकुनाने विचारलं, "उत्पादन काय तुमचं?" हे म्हणाले, "ऐकणं." कारकून म्हणाला, "दूध, ऊस, सूत, यातलं काही आहे का?" हे म्हणाले, "सुरुवातीला किंचाळणं हाय, मग ढोल." कारकुनाने फाईल मिटली. सेक्रेटरी परत येऊन आम्हाला म्हणाले, "प्रकरण विचाराधीन हाय."

निवडणूक झाली. मी उभा होतो आणि गावातले एक बागायतदार उभे होते, ज्यांना एका कानाने मुळीच ऐकू येत नसे आणि दुसऱ्याने मर्जीप्रमाणे. मला एक मत पडलं. ते माझं. म्हणजे माझ्या सूचकाने आणि अनुमोदकानेही मला मत दिलं नाही. मी सूचकाची गचांडी धरली तर तो म्हणाला, "तुमचं नाव सुचवा म्हणला होतात. मत द्या असं कुठं म्हणला होतात?" बहिऱ्या चेअरमननी हार घालून घेतला आणि मला म्हणाले, "कावून चिडतो बे? गाणं तर सगळ्यांनाच ऐकायचंय." त्यांच्या तोंडून हे ऐकणं म्हणजे कमाल होती.

संध्याकाळी सभासद जमत. चपला बाहेर, बसायला युरियाची पोती. आधी सेक्रेटरी विषय वाचून दाखवत, मग रेकॉर्ड लावत. लावण्याचा हक्क फक्त त्यांचा. माझा रेकॉर्ड मला हाताळू देत नसत. "तुमचे हात भोंग्याचे हायेत," म्हणत. गाणं संपलं की त्यावर चर्चा. आम्हाला कोणालाच इंग्रजी येत नव्हतं. मराठी शाळेचे कांबळे मास्तर तेवढे कव्हरवरची अक्षरं लावून वाचायचे, पण अर्थ विचारला की म्हणायचे, "हे व्याकरणात बसत न्हाई." मास्तर नियमाला पक्के. सभेत हरकत घेणारे ते एकटेच.

सेक्रेटरींना शब्दांचं अडत नसे. ते वाजवणाऱ्यांकडे सभासद म्हणून बघत. "हा गिटारवाला थकबाकीदार हाय. गाणंभर गप्प बसतो अन् शेवटी एकदम सगळा भरणा करतो." ढोलवाल्याबद्दल त्यांचं मत होतं की तो तापट आहे पण हिशेबाला सच्चा. एका कव्हरवर चार केसाळ माणसं चार दिशांना तोंडं करून उभी होती. सेक्रेटरींनी कव्हर नुसतं हातात धरलं आणि म्हणाले, "फुटली ही संस्था." मास्तर म्हणाले, "तुमाला काय माहीत?" सेक्रेटरी म्हणाले, "मी जिंदगीभर संचालक मंडळांचे फोटो बघत आलोय, मास्तर."

एकदा एका रेकॉर्डवर ढोल सुरू झाला तो थांबेचना. गिटार नाही, गाणारा नाही, एकटा ढोल. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मागून कोणीतरी म्हणालं, "बाकीचे जेवायला गेले वाटतं." चेअरमन हसले, म्हणजे त्यांना ऐकू आलं होतं. सेक्रेटरींनी मात्र हात वर करून शांतता पाळायला लावली. ढोल संपला तेव्हा ते म्हणाले, "एकटा माणूस सगळी संस्था चालवतो, त्याची ही दशा असते." मग बराच वेळ टोपीने रेकॉर्ड पुसत बसले.

आता त्या जोडीबद्दल. पेटीत बाकीचे एकेकटे रेकॉर्ड होते, पण एका जाड कव्हरमध्ये दोन निघाले. चार बाजू. आम्ही त्याला जोडी म्हणू लागलो. पहिली बाजू ऐकली आणि सगळे खुळे झाले. मी म्हणालो, उलटा आणि दुसरी लावा. सेक्रेटरी म्हणाले, "न्हाई. पुढच्या वार्षिक सभेला."

मला वाटलं चेष्टा. ती चेष्टा नव्हती. त्यांनी ठरावच आणला: ऐकलेली बाजू रोज वाजवा, न ऐकलेली बाजू वर्षाला एक, तीही वार्षिक सर्वसाधारण सभेत, ठराव करून. का, तर टंचाई. "पेटी भरलेली हाय तोवर उधळाल," ते म्हणाले, "मग पुढच्या सालाला काय? नवीन माल कुठून येणार, तो गोरा काय मागं फिरतोय?" मी उठून भांडलो. मतदान झालं. मला एक मत पडलं. पुन्हा माझंच.

गंमत बघा, लोकांना ते आवडायला लागलं. दुसरी बाजू उघडायची सभा भादव्यात, गणपती उठल्यावर झाली. ऊसतोडीला जाणारे सभासद तेव्हा गावातच असतात. बायका दारात, पोरं खिडकीत, चेअरमनना नवीन फेटा. तिसऱ्या बाजूच्या सभेला चौसाळ्याहून माणसं आली. वर्षभर गावात एकच विषय, पुढच्या बाजूवर काय असेल. पीक गेलं, चारा संपला, जनावरं छावणीला धाडली, पण माणसं पारावर बसून त्या बाजूबद्दल बोलत. ऊसतोडीला गेलेले सभासद कारखान्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर विचारत, "बाजू उघडली न्हाई ना आमच्या माघारी?"

मी मात्र धंद्याचा माणूस. जोडीतला पहिला रेकॉर्ड सेक्रेटरी लग्नापुरता नेऊ देत, दुसरा कधीच नाही; त्या पहिल्याच्या ऐकलेल्या बाजू मी लग्नांत वाजवायला सुरुवात केली. पहिली बाजू वरातीत लावली तेव्हा घोडी नवरदेवाला घेऊन मंडपात सगळ्यांच्या आधी पोचली, वऱ्हाड मागून धापा टाकत आलं. ती गोष्ट पसरली. लोक येऊन म्हणत, "ते घोडी पळवायचं लावा." मग लिंबागणेशहून एक मोठी पार्टी आली. पोराचं लग्न होतं, त्यांना असं काही हवं होतं जे कोणीच ऐकलेलं नाही. मी म्हणालो, माझ्याकडे एक बाजू आहे, जी मीसुद्धा ऐकलेली नाही. ते हरखले. मी हातावर हात मारून शब्द दिला. माझा शब्द तोवर कधी मागे गेला नव्हता.

सेक्रेटरींना सांगितलं तर त्यांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. "चौथी बाजू उघडता यायची न्हाई, शेठ."

"कावून?"

"तो मृतसाठा हाय. धरणाच्या तळाला पाणी ठिवतात बगा. ते कालव्याला सोडत न्हाईत."

"आपल्याला काय मासे पाळायचेत?"

"ते सोडलं की माणूस आभाळाकडं बघायचं बंद करतो."

मी म्हणालो, आभाळ गेलं खड्ड्यात, माझा शब्द गेलाय. मी रीतसर विषय दिला, चौथी बाजू उघडण्याचा. त्यांना तो सभेपुढे घ्यावा लागला. पण सभा त्यांनी भादव्यात घेतली नाही. पुढे ढकलत ढकलत माघात नेली. माघात निम्मं गाव उसाला. मी विचारलं तर म्हणाले, "टंचाई परिस्थितीमुळं."

सभेच्या दिवशी सकाळी ऑफिसात आम्ही बोटावर मोजण्याइतके. सेक्रेटरींनी घड्याळ बघितलं. "गणपूर्ती न्हाई. सभा तहकूब. अर्ध्या तासाने याच ठिकाणी. त्या सभेला गणपूर्तीची गरज न्हाई." सहकारात मुरलेल्या माणसाला हे वाक्य पाठ असतं. कोरमसाठी रखडलेली सभा अर्ध्या तासाने आपोआप कायदेशीर होते. मी जागेवरून हललो नाही. पोत्यावर मांडी घालून बसलो, विडीसुद्धा बाहेर जाऊन ओढली नाही.

तेवढ्यात टँकरचा हॉर्न.

आमच्याकडे टँकर संध्याकाळी यायचा. त्या दिवशी सकाळी आला. माझी बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती. घरात म्हातारी आई, आणि रांजणाचा तळ दिसत होता. तो टँकर चुकला तर पुढचा कधी, हे देवालाही माहीत नाही. मी दारातून ओरडलो, "रहीमभाई, थोडं थांबा, सभा हाय." टँकरवाले रहीमभाई खिडकीतून डोकं काढून म्हणाले, "पानी होना तो आव, नै तो मैं चला चौसाळे कू. सभा का पानी पीते क्या तुम?"

मी सेक्रेटरींकडे बघितलं. ते म्हणाले, "जा शेठ. पाणी आधी. अर्धा तास हाय."

रांगेत सगळ्या बायका. एक म्हणाली, "आज भोंगाच आला पाण्याला." दुसरी म्हणाली, "वाजत न्हाई पण, बिघडलाय." मी ऐकून घेतलं. माझं लक्ष ऑफिसाकडे होतं. ऑफिसापुढच्या लिंबाच्या झाडावर माझा भोंगा बांधलेला होता. रेकॉर्ड लावला असता तर मला रांगेत ऐकू आला असता, म्हणून मी निश्चिंत होतो. दोन हंडे भरले, घरी टाकले, पुन्हा भरले. परत आलो तर माणसं ऑफिसातून बाहेर पडत होती.

चेअरमन उपरण्याने डोळे पुसत होते. कांबळे मास्तर माझ्याकडे न बघता चपला शोधत होते. त्यांच्या पायाशीच होत्या. मी वर बघितलं. भोंग्याची वायर काढून फांदीला गुंडाळून ठेवली होती.

"काय झालं?" मी विचारलं.

सेक्रेटरी म्हणाले, "तहकूब सभा झाली. तुमचा विषय घेतला. चौथी बाजू उघडण्याचा ठराव सर्वानुमते मंजूर. अभिनंदन."

"मग लावा."

"लावली. ठरावाप्रमाणं वाजवण्यात आली. त्यानंतर आयत्या वेळच्या विषयात दुसरा ठराव झाला. ती बाजू पुन्हा वाजवू नये. तोबी सर्वानुमते. सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली."

मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. गावातले जुने लोक अजून सांगतात. मी म्हणालो, मला पेटी परत द्या. ते म्हणाले, पेटी हा तुमचा संस्थेतला भाग, म्हणजे शेअर; तो परत मागायचा असेल तर वार्षिक सभेपुढे अर्ज करा. मी मशीन आणि भोंगा उचलून घरी नेला. त्यांनी जोडीतल्या त्या दुसऱ्या रेकॉर्डला युरियाच्या रिकाम्या पोत्यात घालून लाखेचं सील ठोकलं. पुढे संस्थेला सोसायटीचा जुना रेडिओग्राम मिळाला, माझ्या बाकीच्या रेकॉर्डवर त्यांची करमणूक चालू राहिली, आणि संध्याकाळी माझ्या घरापर्यंत तो थकबाकीदार गिटारवाला ऐकू येत राहिला.

लिंबागणेशच्या लग्नासाठी त्यांनी पहिला रेकॉर्ड नेहमीसारखा दिला; मी दुसरी बाजू दुसऱ्यांदा लावली आणि हीच चौथी म्हणून सांगितलं. कोणाला काही कळलं नाही. नवरदेवाच्या बापाने मला फेटा बांधला. धंदा असाच असतो.

पण चौथीवर काय आहे हे मला कळेना. मी एकेकाला गाठलं. चेअरमन म्हणाले, "घोडे बे. लई घोडे. पळत जातात अन् पाण्यात शिरतात." दुसरा एक सभासद म्हणाला, त्यात नुसती बासरी होती, आणि बोलता बोलता त्याने तोंड फिरवलं. कांबळे मास्तर नियमाचे माणूस, त्यांच्यावर माझा भरवसा. ते म्हणाले, "शेवटी एक बाई रडते. शब्द न्हाईत. नुसती रडते, अन् मग थांबते." मी म्हणालो, बासरी? मास्तर म्हणाले, "बासरी मला न्हाई आठवत. बाई हाय." सेक्रेटरींना विचारलं की ते म्हणत, "सभेतलं सभेत."

ते निवृत्त होऊन बीडला लेकाकडे गेले. मग कधीतरी स्टँडवर दिसत, छत्री टेकवून बसलेले, कोणत्याही गाडीत न चढता. मी समोर उभा राहून दरवेळी एकच विचारत असे, "सेक्रेटरी, चौथी बाजू कशी होती?" दरवेळी ते विचार केल्यासारखं करून म्हणत, "तिसरीपेक्षा उजवी, शेठ." आणि मला चहा पाजत. मी तो पीत असे. चहाचं भांडण नव्हतं.

ते गेल्यावर मी काकूंना भेटायला गेलो. काकू आतून युरियाचं पोतं घेऊन आल्या. सील तसंच. "तुमाला द्या म्हणले होते." मी घरी आलो, मशीन काढलं, पिन नवी घातली, दार लावलं आणि चौथी बाजू लावली.

काही नाही.

नुसती खरखर. मला वाटलं वायर सुटली. वायर बघितली, पिन बदलली. रेकॉर्ड उलटून तिसरी लावली, ती खणखणीत वाजली. पुन्हा चौथी. रेघा आहेत, कडेपासून मधोमध गोल गोल बारीक रेघा, सगळ्या रेकॉर्डला असतात तशाच. पिन त्यातून बिनबोभाट फिरते आणि मधोमध जाऊन उभी राहते. आवाज नाही. त्या गोऱ्याच्या बोअरसारखी, आतून कोरडी. कंपनीने तशीच काढली, की तो हसत होता ते यासाठी, मला माहीत नाही. मी शेवटपर्यंत ऐकली. मग पुन्हा पहिल्यापासून ऐकली, न जाणो म्हणून.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने बीडला गेलो. काकूंना म्हणालो, "त्यांना माहीत होतं?"

"पेटी संस्थेत आली त्याच दिवशी वाजवून बघितली व्हती त्यांनी. तवापासून माहीत."

"मग मला सांगितलं कावून न्हाई?"

"तुमी पेटी उचलून नेली असती. माल खोटा म्हणून गावभर बोंबलला असता."

"नेलीच असती."

"मग?" काकू म्हणाल्या. "संध्याकाळचं त्यांनी काय ऐकायचं व्हतं? बाकीच्यांनी काय ऐकायचं व्हतं? अन् लिंबागणेशाच्या मांडवात तुमच्या भोंग्यातून खरखर आली असती तर हसं कुणाचं झालं असतं?"

"अन् टँकर?"

"रहीमभाईला निरोप मीच धाडला व्हता. तुमच्या घरी बाई न्हवत्या. म्हातारीला पाणी न्हवतं." आणि त्या चहा ठेवायला उठल्या.

मी तो चहा प्यायलो नाही. एक घोंगडं मोजून मी चार बाजू घेतल्या होत्या. त्यातली एक कोरडी असेल तर ती कोरडी आहे हे समजण्याचा हक्क माझा होता. माझं हसं होऊ नये म्हणून मला न विचारता माझ्यावर उपकार करायचे आणि वर मला पाण्याच्या रांगेत उभं करायचं, याला मी फसवणूकच म्हणतो. सेक्रेटरी गेले, त्यांना आता विचारता येत नाही. चेअरमनही गेले, घोडे घेऊन.

राहिले कांबळे मास्तर. तुम्ही बीडला असता, तब्येत चांगली आहे, रोज सकाळी फिरायला जाता, मला सगळी खबर आहे. मास्तर, सेक्रेटरींनी तुम्हाला सगळं आधी सांगून आत बसवलं असेल, तर तसं सांगा. सांगितलं नसेल, आणि तुम्ही वीस मिनिटं ती खरखर ऐकत बसला असाल, तर तेही सांगा. पण तुम्ही नियमाचे माणूस. साध्या पिठल्याच्या ठरावालासुद्धा हरकत घेतली असती तुम्ही. तुम्ही माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं होतं की शेवटी एक बाई रडते आणि मग थांबते. खोटं बोलत नव्हता तुम्ही. मी बघितलं होतं.

कोणती बाई, मास्तर? मला उत्तर पाहिजे.